आधी वरचा प्लग

सासऱ्याच्या घरात राहणाऱ्या जावयाला जग काय म्हणतं ते जगाला माहीत आहे. या गोष्टीतल्या जावयाला त्याचा सासरा 'पाहुणे' म्हणायचा. पहिल्या वर्षी ते शोभून दिसलं. नवा जावई, चार दिवसांसाठी आलेला, पाहुणाच तो. पण चार दिवसांचे चार महिने झाले, बंद पडलेला छापखाना काही पुन्हा उघडला नाही, महिन्यांची वर्षं झाली आणि सातव्या वर्षीही म्हातारा रोज सकाळी चूळ भरून झाली की विचारायचा, "काय पाहुणे, झाली का झोप?" सात वर्षं मुक्काम ठोकून बसलेल्या माणसाला रोज उठून पाहुणा म्हणायचं, यात जी काही माया असेल ती म्हाताऱ्यालाच ठाऊक.

म्हातारा म्हणजे फोरमन. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढलेली, त्यातली शेवटची चौदा फोरमन म्हणून. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गल्लीत, दुकानात, दवाखान्यात तो फोरमनच. बायकोसुद्धा त्याला फोरमनच म्हणायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून नव्हे, ते आठवायला तिला जरा वेळ लागला असता म्हणून.

घर तीन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत पाहुणे आणि त्यांची बायको, म्हणजे फोरमनची एकुलती एक लेक, झोपायची. त्यांच्या पलंगावरच्या भिंतीवर फोरमनचा हत्यारांचा फळा होता. प्रत्येक पान्याच्या, पकडीच्या, हातोडीच्या मागे पांढऱ्या रंगाने तिचा आकार काढलेला, म्हणजे एखादी वस्तू जागेवर नसली की उघडा आकार लगेच डोळ्यात खुपावा. रोज सकाळी दार न वाजवता फोरमन आत यायचा आणि फळ्यावरून नजर फिरवायचा. सगळं जागच्या जागी असलं तरी खात्री पटल्यासारखं त्याचं तोंड कधीच दिसायचं नाही.

पाहुण्यांचा मूळ धंदा प्रूफं तपासायचा. अकरा वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढल्या. छापखाना गेला, शाई गेली, पण खोड गेली नाही. दुकानाच्या पाटीवर, औषधाच्या खोक्यावर, कुठेही चुकीचं अक्षर दिसलं की हा थबकायचा, आणि दुकानदाराला सांगितल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. दुकानदार तोंडावर हसायचा, पाठीमागे आणखी हसायचा. बायको दंडाला धरून ओढून न्यायची. "तुम्हाला गप्प बसता येत नाही का हो?" ती म्हणायची. नाही येत, असं तो प्रामाणिकपणे सांगायचा.

घरात मात्र बोलायची मक्तेदारी फोरमनची. ताट समोर आलं की डेपो सुरू. कुणी कुठला नट उलटा फिरवला, कुणाला कसं सुतासारखं सरळ केलं. त्यातली एक गोष्ट आठवड्यातून दोनदा तरी व्हायची. एका मेकॅनिकने गिअरबॉक्सचं तेल बदलताना आधी खालचा प्लग खोलला आणि जुनं तेल सोडून दिलं. नवं तेल भरायला वरचा प्लग खोलायला गेला, तर तो गंजून बसलेला. आता तेल खाली, भरायला वाट नाही, गाडी जागची हलवता येत नाही, आणि सकाळच्या फेरीचे प्रवासी फलाटावर. फोरमनने त्या माणसाला तो खालचा प्लग मुठीत देऊन आठ तास डेपोच्या फाटकाशी उभा केला. येणारा जाणारा विचारायचा, काय धरलंय? आणि त्याने प्रत्येकाला सांगायचं, मी आधी खालचा खोलला.

"आधी वरचा खुलतो का बघायचं," फोरमन घास गिळून म्हणायचा. "तो खुलला तरच खालच्याला हात लावायचा. एवढी अक्कल नाही त्याने घरी बसावं." आणि मग ताटावरून नजर वर करून, "तुम्हाला नाही हो म्हणत, पाहुणे."

सासूबाई हसायच्या नाहीत, पण थांबवायच्याही नाहीत. लेक ताटाकडे बघत जेवायची. पाहुणे मूग गिळून बसायचे. सात वर्षांत त्यांना ही गोष्ट शब्दन्‌शब्द पाठ झाली होती. फोरमन कुठे थांबणार, कुठे पाणी पिणार, सगळं.

आणि मग, देव जाणे कसं, पाहुण्यांचं नशीब उघडलं. चष्म्याच्या काचा पुरवणाऱ्या एका कंपनीला फिरतीवर माणूस हवा होता. चाळीसएक दुकानं, नमुन्यांचे खोके घेऊन फिरायचं, मागणी लिहून आणायची. बारीक अक्षर नीट वाचणारा माणूस त्यांना पसंत पडला. अडीच तासांच्या अंतरावरचं गाव, गोदामाच्या वर राहायला दोन खोल्या. अट एकच. माणसाकडे स्वतःची गाडी हवी आणि सोमवारी सकाळी नऊला गाडीसकट हजर व्हायचं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, यादीत पुढचा माणूस तयार बसलाय, त्याच्याकडे गाडी आहे.

बायको त्या दोन खोल्या न बघताच त्यांच्या प्रेमात पडली. "भिंतीवर काहीही लावायचं नाही," ती म्हणाली. "एक खिळासुद्धा नाही."

गाडी पाहुण्यांकडे नव्हती. फोरमनकडे होती. पत्र्याच्या शेडमध्ये उभी, चौदा वर्षांची, आठवड्याला एकदा चालू करून बंद करायची. मागायची कुणी, या विचारात दोघं नवराबायको तीन दिवस तोंडं बघत बसली. चौथ्या दिवशी जेवताना फोरमन स्वतःच म्हणाला, "गाडी घेऊन जा. कागदावर पोरीचं नाव लावून देतो. इथे उभी राहून सडायचीच आहे."

लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. फोरमनला तसलं काही बघवायचं नाही, म्हणून त्याने लगेच मिठाचा खडा टाकला. "पण गिअरबॉक्सचं तेल बदलल्याशिवाय गाडी माझ्या फाटकाबाहेर जाणार नाही. चौदा वर्षं तेच तेल आहे. रस्त्यात गिअर अडकला तर पाहुणे काय करणार? गिअरला शुद्धलेखन शिकवणार?"

तेल रविवारी बदलायचं ठरलं. रविवारीच का, तर शनिवारपर्यंत तेलाचा डबा मिळाला नव्हता. गॅरेजवाल्याकडे नेऊ, असं पाहुणे एकदाच म्हणाले. फोरमनने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या हयातीत त्याच्या गाडीला परक्याचा हात लागलेला नव्हता.

रविवारी सकाळी साडेआठला फोरमन शेडमध्ये उतरला. गाडीचं तोंड जॅकवर उचलून चाकांखाली लाकडी ठोकळे सारले, जमिनीवर पुठ्ठा अंथरला आणि बहात्तर वर्षांचं शरीर हळूहळू गाडीखाली सरकवलं. हात आताशा थरथरायचे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढायचा म्हणजे डॉक्टरच्या हाती डोळा द्यायचा, म्हणून काढला नव्हता. पाहुणे शेजारी पालथे झोपले. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताने मागितलेलं हत्यार द्यायचं.

"सतराचा."

पाहुण्यांनी दिला.

"हा एकोणीसचा आहे. अंक येतात ना वाचता? का नुसती अक्षरंच?"

सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या वाकून म्हणाल्या, "जावईबापू, जरा सांभाळून घ्या हं. लेक उद्या जायची म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागलेला त्यांचा."

"तू आत जा," गाडीखालून फोरमन म्हणाला.

आणि मग त्याने पाना लावला. दिव्याच्या उजेडात पाहुण्यांना स्पष्ट दिसलं. गिअरबॉक्सच्या बाजूला, वरच्या अंगाला एक प्लग होता, त्याच्या तोंडाला चौकोनी खाच. तळाशी दुसरा, साधा सहा बाजूंचा. पाना तळाच्या प्लगवर बसला होता.

चूक. धडधडीत, ओळीच्या मध्यावर, कुणालाही दिसावी अशी.

शब्द जिभेवर आले होते. 'बाबा, आधी वरचा.' चारचौघांत अनोळखी दुकानदाराला अक्षर दाखवणारा हा माणूस, त्याला तीन शब्द जड नव्हते. पण ते तोंडाबाहेर पडायच्या आत दुसरा विचार येऊन बसला. सांगितलं तर काय होईल? म्हातारा म्हणेल, मला शिकवता? मग गुपचूप पाना काढून वरच्या प्लगला लावेल, आणि रात्री जेवताना तीच गोष्ट पुन्हा सांगेल, जणू काही झालंच नाही. नाही सांगितलं तर? वरचा खुलेलच. न खुलायला काय झालंय? तेल भरलं जाईल, गाडी चालू होईल, आणि आजच्या शेवटच्या जेवणाला एक गोष्ट पाहुण्यांकडेही असेल. सगळ्यांच्या देखत, सावकाश, घास गिळून: 'बाबा, आज तुम्ही आधी खालचा खोललात.'

सात वर्षांत एकदा. एवढं तर मिळायलाच हवं होतं, असं त्यांना वाटलं. वाटलं ते वाटलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ताटावर सात वर्षं पाणउतारा झेललेल्या कुणालाही वाटेल. त्यांनी दिवा जरा पुढे केला, म्हाताऱ्याला नीट दिसावं म्हणून.

खालचा प्लग सहज निघाला. काळं जाड तेल धार धरून घमेल्यात पडलं. फोरमन त्याच्याकडे बघत राहिला. "बघा पाहुणे, चौदा वर्षांची घाण." तेल ठिबकायचं थांबल्यावर त्याने प्लग पुसून, नवी वायसर घालून परत आवळला. मग चौकोनी दांडा मागितला आणि वरच्या प्लगच्या खाचेत घातला.

प्लग हलला नाही.

फोरमनने जोर लावला. दांड्यावर लोखंडी पाइप चढवून लांबी वाढवली आणि पुन्हा जोर लावला. पुठ्ठा त्याच्या पाठीखालून सरकला, प्लग जागेवरच. "बसलाय," तो म्हणाला. पाहुण्यांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

दहा वाजले. प्लगवर रॉकेल सोडून अर्धा तास मुरू दिलं. साडेदहाला पुन्हा पाइप. अकराला फोरमनने स्टोव्हसारखा भपकन पेटणारा दिवा आणला आणि प्लगच्या भोवतीचं कवच तापवलं. गरम असतानाच दांडा घालून पायाने पाइप ढकलला. करकर आवाज झाला. "आला," पाहुणे म्हणाले. प्लग आला नव्हता. त्याची चौकोनी खाच आतून घासून गोल झाली होती. दांडा आता तिच्यात नुसता फिरत होता.

आता मात्र पाहुण्यांच्या उकळ्या थांबल्या. गाडी, नऊ वाजता, पुढचा माणूस, हे सगळं एका रांगेत डोळ्यांसमोर उभं राहिलं. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक कापायचं, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण कापताना दुखत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. दुखायला नंतर लागतं. अजूनही बोलता आलं असतं. पण आता बोललं तर पहिला प्रश्न येणार, मघाशी का नाही बोललात? आणि दर अर्ध्या तासाने तो प्रश्न आणखी जड होत होता.

लेक दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा हसत, हातात घडी घातलेल्या चादरी. "झालं का हो?" दुसऱ्यांदा न हसता. "बाबा, कुणाला तरी बोलवू या का?"

"कुणाला? रविवारी?" फोरमन ओरडला. "आणि कशाला? एकतीस वर्षं काय मी तिथे गवत उपटत होतो?"

दीडला सासूबाईंनी ताटं वाढून झाकून ठेवली. जेवायला कुणी उठलं नाही. फोरमनने छिन्नी मागितली. प्लगच्या कडेला तिरकी छिन्नी धरून, हातोडीने ठोकून, प्लग फिरवायचा. हात स्थिर असेल तर जमतं. फोरमनचा हात स्थिर नव्हता. एक ठोका प्लगवर, एक शेजारच्या ॲल्युमिनियमच्या कवचावर, एक हवेत. प्रत्येक चुकलेला ठोका पाहुण्यांना दिसत होता. म्हाताऱ्याच्या कपाळावरून घाम डोळ्यात जात होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. पाहुण्यांचा दिवा नसलेला हात मोकळाच होता, पण त्यांनी तो पुढे केला नाही.

पुढचा ठोका डाव्या अंगठ्यावर बसला. फोरमन ओरडला नाही. छिन्नी त्याच्या छातीवर पडली, तिथून पुठ्ठ्यावर. अंगठ्याचं नख मधोमध चिरून रक्त मनगटापर्यंत आलं. तो तसाच उताणा पडून वर बघत राहिला, त्या प्लगकडे, मग खालच्या प्लगकडे. त्याचे ओठ हलले. जणू मनातल्या मनात काहीतरी पहिल्यापासून म्हणून बघत होता.

"पाहुणे," तो हळू आवाजात म्हणाला. "मी आधी खालचा खोलला."

"हो."

हे 'हो' फार लवकर आलं. फोरमनने मान वळवली. गाडीखाली दोघांची तोंडं एकमेकांपासून वीतभर अंतरावर होती.

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

आणि पाहुण्यांनी रात्रीच्या जेवणासाठी राखून ठेवलेला टोला तिथेच, पालथ्या पडल्या पडल्या हाणून टाकला. "सात वर्षं ऐकतोय, बाबा. पाठ झालंय."

त्यांना वाटलं होतं, म्हातारा शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण फोरमनच्या चेहऱ्यावर रागच नव्हता. त्या क्षणी तो फक्त म्हातारा दिसला. दुसरं काही नाही. मग तो म्हणाला, "मला ओढा बाहेर. आणि वेल्डरला बोलवा."

वेल्डर दोन घरं सोडून राहायचा. दुपारी झोपलेला माणूस उठून आला तो केवळ फोरमनने बोलावलं यावर विश्वास बसेना म्हणून. खाली वाकला, दिवा मारला, जिभेने च्यक्‌ केलं. तोवर लेक आणि सासूबाईही शेडमध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"प्लगवर नट वेल्ड करून फिरवला असता," वेल्डर म्हणाला. "पण आता काय फायदा? छिन्नीने कवचाला तडा गेलाय. हा बघा, केसासारखा, पार खालपर्यंत. तेल भरलं तरी टिकणार नाही. कवचच बदलावं लागेल, ते आठवड्याशिवाय मिळत नाही."

वेल्डर हात पुसत उठला. मनाने वाईट नव्हता, पण जीभ सैल. "आणि ठोकायची गरजच नव्हती, फोरमन. वरचा नसेल खुलत तर स्पीडोमीटरची केबल काढायची, त्या भोकातून तेल भरायचं. तुम्हीच तर शिकवलंय लोकांना." मग दिवा विझवत, "पण मला एक कळत नाही. वरचा खुलतो का न बघता तुम्ही खालचा सोडलात कसा?"

लेकीने नवऱ्याकडे बघितलं. तिलाही ती गोष्ट पाठ होती. सात वर्षं नव्हे, जन्मभर ऐकलेली. "तुम्ही होतात ना शेजारी?" ती म्हणाली. "तुम्हाला नाही दिसलं?"

पाहुण्यांनी तोंड उघडलं. खोटं बोलायला की खरं बोलायला, ते त्यांना स्वतःलाही नंतर कधी सांगता आलं नाही. कारण त्याआधी फोरमन बोलला.

"त्यांनी सांगितलं होतं मला." तो ठोकळ्यावर बसला होता, अंगठ्याला कसलंतरी फडकं. "आधी वरचा, म्हणाले. मीच ऐकलं नाही. म्हटलं, मला कोण शिकवणार."

लेक एक पाऊल पुढे आली. आणि ती बोलली. सात वर्षांचं, त्याआधीचं, सगळं. "जन्मात कधी कुणाचं ऐकलंत तुम्ही? हात थरथरतात, डोळ्याने दिसत नाही, पण मिजास बघा. हा माणूस सात वर्षं तुमची बोलणी खातोय, एक शब्द उलटून बोलला नाही. आज एकदा बरोबर सांगितलं तर तेही नाही ऐकलंत." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "का मुद्दामच केलंत? आम्ही जायला नकोच होतो तुम्हाला. कुणाला टोचायचं मग रोज जेवताना? मुद्दाम केलंत ना?"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, काय बोलतेस—"

"मुद्दाम केलंत ना, बाबा?"

फोरमनने मान खाली घातली. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. वेल्डर केव्हा निघून गेला ते कुणाला कळलं नाही. पाहुणे गाडीच्या बॉनेटला हात टेकून उभे होते. आता एक शब्द पुरेसा होता, आणि तो त्यांच्याकडेच होता. त्यांनी तो काढला नाही. बायको त्यांच्याजवळ आली आणि त्यांच्या तेलकट हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही आत चला. तुमची काही चूक नाही." ते आत गेले. झाकून ठेवलेलं ताट तिने पुढे केलं, आणि ते जेवले.

सोमवारी साडेनऊला कंपनीला फोन केला. साहेब सभ्यपणे बोलले. पुढचा माणूस नऊच्या आधीच पोचला होता.

तीनचार दिवसांनी, लेक बाजारात गेलेली बघून, पाहुणे फोरमनच्या खोलीत गेले. म्हातारा खिडकीशी बसला होता. अंगठ्यात पू धरला होता.

"मी सांगून टाकतो तिला," पाहुणे म्हणाले.

"काय?"

"खरं काय ते."

फोरमनने त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. "तिला तुमच्याबरोबर उरलेला जन्म काढायचाय. माझ्याबरोबर किती? दोन वर्षं, फार तर चार. माझा राग केला तर तिचं काही बिघडत नाही. तुमचा केला तर तिने जायचं कुठे?" मग तो म्हणाला, "बोलायची वेळ होती तेव्हा तुम्ही गप्प बसलात. आता मी सांगतोय, गप्प बसा."

आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांना सुटल्यासारखं वाटलं. त्यांना रडू यायला हवं होतं, निदान लाज तरी. ती आली, पण नंतर, आणि फार नाही. दाराबाहेर पडताना त्यांच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याने त्यांना पाहुणे म्हटलं नव्हतं. त्यानंतर कधी म्हटलंच नाही. पाहुणे नाही, जावईबापू नाही, काहीच नाही.

नवं कवच कुणी मागवलंच नाही; गाडी भंगारवाल्याने दोरीला बांधून ओढून नेली. लेक त्या दिवशी बाहेरही आली नाही. बापाशी तिने बोलणं टाकलं ते टाकलंच. घर तीन खोल्यांचं, माणसं चार, न बोलता राहायचं म्हणजे कुणीतरी मध्ये लागतं. आई मध्ये पडली की लेक तिच्यावरही उखडायची, म्हणून ते काम नवऱ्याकडे आलं. लेक नवऱ्याला म्हणायची, "त्यांना विचारा, चहा हवा का." बाप दोन हातांच्या अंतरावर बसलेला. पाहुणे विचारायचे, "बाबा, चहा हवा का?" फोरमन म्हणायचा, "सांगा तिला, नको." पाहुणे सांगायचे, "नको म्हणतात." सगळ्यांनी सगळं ऐकलेलं असायचं, तरी निरोप पोचवल्याशिवाय कुणी हलायचं नाही. जेवताना आता कुणी गोष्ट सांगत नसे. ताटं लवकर रिकामी व्हायची.

असं दीड वर्ष गेलं. पाहुण्यांना त्यात काही जड वाटेनासं झालं. निरोप येताना एका तोंडातून यायचा, जाताना दुसऱ्या कानात जायचा, काना-मात्रेचा फरक नाही.

एका दुपारी फोरमन जेवायला उठला नाही. लेक त्याच्या खोलीच्या दाराशी आली, उंबऱ्याच्या बाहेर थांबली. हातात ओलं फडकं होतं. आत बघितलं, आणि पटकन नजर बाजूला वळवली. तिचा चेहरा घाबरलेला होता, आणि तिला तो लपवायचा होता.

"त्यांना विचारा," ती नवऱ्याला म्हणाली, "कुठे दुखतंय का."

पाहुणे आत गेले. म्हातारा कुशीवर होता, तोंड भिंतीकडे. कपाळ घामाने डबडबलेलं. पांघरुणाच्या आत डावा दंड उजव्या हाताने गच्च धरलेला, इतका गच्च की बोटांची पेरं पांढरी पडलेली. हे सगळं त्यांना पहिल्या नजरेत दिसलं. असलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"बाबा, कुठे दुखतंय का?"

फोरमनने श्वास घेतला, तो अर्ध्यातच तुटला. "सांगा तिला," तो म्हणाला, "कुठे नाही."

पाहुणे दारापर्यंत आले. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"कुठे नाही म्हणतात," ते म्हणाले. ती क्षणभर थांबली, मग फडकं पिळायला मोरीकडे गेली.